बेहेरे मीटर

बेहेऱ्यांवर लिहा, असं मला आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांनी सांगून झालं. गणपतीच्या अंकासाठी सांगितलं, नंतर रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सांगितलं. प्रत्येक वेळी मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण दिलं. डोळे दोनच असतात, आणि दोन्हींची ऑपरेशनं होऊनही आता बराच काळ लोटला. खरं कारण असं, की बेहेऱ्यांवर लिहायचं तर 'बेहेरे मीटर'वर लिहावं लागणार, आणि त्यावर लिहायचं तर खरं लिहावं लागणार.

आमच्याकडे कुठलंही माप चुकलं की लोक 'बेहेरे मीटर' म्हणतात. प्लंबरनं पाइप तोकडा कापला, शिंप्यानं झब्बा आखूड शिवला, केटररला जेवणाऱ्यांचा अंदाज आला नाही, की कुणीतरी म्हणतंच, "काय हो, बेहेरे मीटरनं मोजलंत का?" बेहेऱ्यांना जन्मात न पाहिलेले भाडेकरूही म्हणतात. हा शब्द मी काढलेला नाही. पण तो ज्या गोष्टीतून निघाला ती गोष्ट लोकांना अर्धीच ठाऊक आहे, आणि उरलेली अर्धी फक्त मला.

बेहेरे माझ्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहत. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी आयुष्यभर मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी पुण्यात राहून मिळणं हे भाग्यच. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालूच राहिलं. लग्नाची पत्रिका आली की ते ती लाल शाईनं दुरुस्त करत आणि आहेराच्या पाकिटात घालून परत देत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सेक्रेटरीची सही होण्याआधी बेहेऱ्यांची खूण होई. कुणी चिडून विचारलंच, की तुमची कधी चूक होत नाही का, तर ते शांतपणे म्हणत, "होते ना. पण माझी चूक माझ्या टेबलावरच मरते. बाहेर पडत नाही."

या वाक्याचा त्यांना अभिमान होता. त्यामागे एक भीतीही होती, ती त्यांनी मला एकदाच, टेकडी उतरताना सांगितली. त्यांच्या थोरल्या भावाला विसर पडायला लागला होता. सुरुवात आकड्यांपासून झाली. आधी फोन नंबर गेले, मग बसचे नंबर, आणि एक दिवस हे दादा स्वारगेटला कोल्हापूरच्या गाडीत बसलेले सापडले. कुठे निघालात म्हणून विचारलं तर म्हणाले, शाळेत. "दादा माझ्यापेक्षा हुशार होता," बेहेरे म्हणाले. "म्हणून मी आकडे सोडत नाही. आकडे आहेत तोवर मी आहे." मग लगेच खोकले आणि रस्त्यावरच्या पाटीतली एक चूक मला दाखवली.

अशा माणसाच्या हातात ते घड्याळ आलं.

मुलगी शर्वरी खराडीच्या एका कंपनीत. तिथे कसल्याशा बक्षिसात तिला ते मिळालं. तिच्या मनगटाला जड झालं म्हणून तिनं बाबांना दिलं. गिर्यारोहकांचं घड्याळ. समुद्रसपाटीपासूनची उंची सांगे, हवेचा दाब सांगे, दिशा सांगे. वेळही सांगे, पण ती तळाशी, बारीक अक्षरात, उपकार केल्यासारखी. आणि बेहेऱ्यांचे तळवे सपाट. आयुष्यात सिंहगडही त्यांनी गाडीतून केला होता. हिमालयात चालणारं ते यंत्र मंडईत आणि दळणाच्या रांगेत फिरू लागलं. त्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यांनी आधी तपासली आणि मगच वाचली.

पहिल्याच आठवड्यात दुपारी माझी बेल वाजली. दारात बेहेरे, मनगट पुढे करून.

"मोघे, घाबरू नका. आपली बिल्डिंग वर जातेय."

मी विचारलं, "कुठवर?"

"सकाळी दहाला पाचशे अडुसष्ट होती. आत्ता पाचशे नव्वद. मी खुर्चीतून उठलेलोसुद्धा नाही."

काल झालं, परवा झालं, रोज दुपारी चारच्या सुमारास बिल्डिंग वर जाते आणि रात्री जेवणानंतर खाली येते, असं त्यांचं निरीक्षण होतं. मागून बेहेऱ्यांच्या सौ., सुमतीवहिनी, जिना उतरत आल्या. त्यांच्या हातात पिशवी होती. त्या म्हणाल्या, "बरंच झालं. चारला मी भाजीला निघते. तेवढंच जास्त उतरणं होईल, डॉक्टर चालायला सांगतातच आहेत."

पण बेहेऱ्यांनी पिच्छा सोडला नाही. पुस्तकं वाचली, शर्वरीला फोन करून करून पिडलं, आणि शेवटी कोडं सोडवलं. या घड्याळाला उंची कळतच नाही. त्याला फक्त हवेचं ओझं कळतं. उंचावर हवा हलकी असते, म्हणून हवा हलकी लागली की ते समजतं आपण चढलो. आणि आपल्याकडची हवा रोज दुपारी थोडी हलकी होते, रात्री जड होते, पुन्हा पहाटे हलकी, पुन्हा सकाळी जड. समुद्राला भरती-ओहोटी, तशी हवेलाही. "आपण सगळे तळाशी बसलेलो आहोत, मोघे. समुद्र डोक्यावरून वाहतोय आणि आपल्याला पत्ता नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी म्हटलं, पत्ता नसला तरी आजवर काही अडलं नाही. ते म्हणाले, "तुमचं बँकेत आयुष्य गेलं. तुमचं कशानेच अडत नाही."

त्यावर उपाय एकच. ज्या जागेची उंची पक्की माहीत आहे तिथे रोज जायचं आणि घड्याळाला खरा आकडा सांगायचा. आमच्या मागच्या टेकडीच्या माथ्यावर सर्वेक्षणाचा एक दगड आहे, त्याची उंची नकाशात दिलेली आहे, सातशे दोन. आमचा सकाळचा सात-आठ जणांचा घोळका वर पोचला की बेहेरे त्या दगडापाशी उकिडवे बसत, मनगट दगडाला टेकवत आणि बटणं दाबून आकडा लावत. याला ते 'घड्याळ जमिनीवर आणणं' म्हणत. तोवर कुणी बोलायचं नाही. कुणी राजकारणावर फार तावातावानं बोलू लागलं, तर बेहेरे बसल्या जागेवरून म्हणत, "आधी जमिनीवर या, मग बोला." ते त्याला म्हणाले की घड्याळाला, हे विचारायची सोय नसे.

हे झालं की घड्याळ काढून माझ्या हातात देत आणि सूर्यनमस्कार घालत. "तुम्ही सांभाळा. तुम्ही लोकांची लॉकरं सांभाळलीत." रोज मी ते हातात धरून उभा राहायचो. रोज बघून बघून कुठलं बटण किती दाबायचं हे मलाही पाठ झालं होतं.

सोसायटीतल्या प्रत्येकाला आपापली उंची कळली. "मोघे, तुम्ही माझ्याहून तीन मीटर खालचे. अपमान नाही, मोजमाप आहे." वरच्या मजल्यावर डाळ शिजायला वेळ लागतो तो हवेमुळे, असंही त्यांनी सुमतीवहिनींना समजावलं. वहिनी म्हणाल्या, "डाळ जुनी आहे. नवी आणलीत की हवा सुधारेल."

लोक हसत होते ते कुरडयांपर्यंत. वैशाखातली दुपार, आभाळ स्वच्छ, गच्चीवर सगळ्या बिल्डिंगच्या कुरडया आणि पापड पसरलेले. बेहेरे जिने चढत-उतरत दार दार वाजवत सुटले. घड्याळ रोजच्यापेक्षा फार वर गेलंय, सगळं गोळा करा. बायकांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग बेहेऱ्यांकडे. सुमतीवहिनी मात्र निमूट गच्चीवर गेल्या, आणि त्या गेल्या म्हणून बाकीच्याही गेल्या. संध्याकाळी असं वादळ आलं की शेजारच्या सोसायटीच्या कुरडया आमच्या पार्किंगमध्ये येऊन पडल्या. आमची एकही पापडी भिजली नाही.

त्या दिवसापासून बेहेऱ्यांना विचारल्याशिवाय कुणी गादी उन्हात घालेना. इथे मला माझ्याबद्दल दोन ओळी लिहायला हव्यात. त्याआधी टेकडीच्या कट्ट्यावर पेपर मी वाचून दाखवायचो. हवामानापासून व्याजदरापर्यंत लोक मला विचारायचे. आता मी पेपर उघडला की कुणीतरी म्हणे, "ते राहू द्या मोघे, बेहेऱ्यांना विचारू." मी हसून पेपरची घडी घालत असे. ते हसू खरं नव्हतं.

मग अण्णा कोंढरे आले. आमची सोसायटी ज्या जमिनीवर आहे ती एके काळी कोंढऱ्यांची. पलीकडच्या टेकडीवर त्यांचा म्हसोबा आहे आणि त्यांचा घोळका तिकडे फिरायला जातो. दोन टेकड्यांमध्ये अर्ध्या तासाची वाट. कोणती उंच हा वाद तसा जुनाच, पण तो आजवर आवाजावर चाललेला होता. एक दिवस अण्णा आमच्या कट्ट्यावर येऊन म्हणाले, "बेहेरेसाहेब, तुमचं घड्याळ लई शाणं हाय म्हणं. मग सांगू द्या की त्याला. आमची मोठी हाय का तुमची? हारल त्यानं मिसळ घालायची."

रविवारी सकाळी दोन्ही घोळके आमच्या दगडापाशी जमले. बेहेऱ्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. त्यांनी घड्याळ लावलं, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि एवढी माणसं थांबलेली असतानाही सूर्यनमस्कार घालायला गेले, कारण ते रोज घालत. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

मी बटण दाबलं.

काय मनात होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. चार-पाच मीटर वाढवायचे, पलीकडे जरा गोंधळ उडू द्यायचा, आणि मिसळ खाताना आपणच हसत हसत सांगायचं, की बघा, तुमचं ज्ञानी घड्याळ मोघ्यांच्या एका बोटावर चालतं. एवढंच. पण ते बटण दाबून धरलं की आकडे पळत. मी सोडेपर्यंत तीसेक मीटर चढले होते, आणि मागे करायला जातो तोच बेहेरे हात पुढे करून समोर उभे. मी घड्याळ दिलं. त्यांनी न बघता मनगटावर चढवलं. लॉकरवाल्याकडून परत घेताना कोण बघतं?

म्हसोबापाशी पोचल्यावर बेहेरे उकिडवे बसले. आकडा बघितला, पुन्हा बघितला, आणि उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "सातशे चोवीस. अण्णांची टेकडी बावीस मीटरनं उंच आहे."

आमच्या घोळक्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, की बेहेरे, जरा सावकाश, पुन्हा बघा. त्यावर ते म्हणाले, "टेकडी आपली असली तरी आकडा आपला नसतो."

अण्णांनी त्यांना मिठीच मारली. लवंगी फटाक्यांची माळ तयार होती, ती लागली. म्हसोबाला बांधायला आणलेला फेटा अण्णांनी म्हसोबाला न बांधता बेहेऱ्यांच्या डोक्याला बांधला. "सोताच्या टेकडीच्या इरुद्ध बोलला ह्यो मानूस. असा मानूस म्या कोर्टात बी बघितला न्हाई." आणि त्या गुलाबी फेट्याखाली बेहेऱ्यांचा चेहरा असा काही लाजला होता, की मिसळीच्या वेळी सांगायचं म्हणून ठरवलेलं माझं वाक्य घशात राहिलं. त्यावर मी तर्री ओतली.

मिसळ झाल्यावर सगळे पांगले. बेहेरे म्हणाले, परतीचा आकडा बाकी आहे. मुद्रित दोनदा वाचायचं असतं, एकदा पुढून, एकदा मागून. मी त्यांच्याबरोबर गेलो. न जाऊन कसं चालणार होतं?

आमच्या दगडापाशी, फेटा तसाच डोक्यावर, ते बसले. बराच वेळ उठले नाहीत.

"सातशे एकोणतीस दाखवतंय," ते म्हणाले. "सकाळची हवा दहापर्यंत जड होत जाते. घड्याळ उलट खाली यायला हवं. म्हणजे हवेची चूक नाही. मी लावतानाच चुकलो." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मोघे, सकाळी मी किती लावलं होतं? तुम्ही पाहिलंत का?"

मी म्हणालो, "नाही बुवा. माझं लक्ष नव्हतं."

आयुष्यात मी खोटं बोललो नाही असं नाही. सदतीस वर्षं बँकेत होतो. पण हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं, 'बुवा'सकट.

दुसऱ्या दिवशी सुमतीवहिनी जेवणाच्या टेबलावर तो लांबलचक फेटा इस्त्री करताना दिसल्या. धुऊन, घडी करून बेहेरे तो कोंढऱ्यांच्या घरी घेऊन गेले. मीही बरोबर होतो. बेहेऱ्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, की माझी चूक झाली, तुमची टेकडी पाच मीटरनं लहान आहे, हा फेटा माझा नाही.

अण्णा फेट्याला हात लावेनात. "आवो, फेटा म्हंजी काय दळाण हाय का, वजनात कमी भरलं म्हनून माघारी द्यायला? बांधला त्यो बांधला. आन पाच मीटरचं म्हनाल तर आमी औंदा म्हसोबाचा कळस वाढवनारच हाय."

म्हणजे ज्याचं नुकसान व्हायचं होतं त्यानं हसून सोडून दिलं. आमच्या लोकांनी सोडलं नाही. फुकट मिसळ घालावी लागली होती. 'बेहेरे मीटर' हा शब्द त्याच आठवड्यात कट्ट्यावर जन्मला. बेहेरेही हसले. घरी जाताना जिन्यात मला म्हणाले, "दादाचंही आकड्यांपासूनच सुरू झालं."

यानंतरचे बेहेरे मला वरच्या मजल्यावरून ऐकू यायचे. पहाटे पाढे म्हणत. तीसपर्यंतचे, मग औटकी, मग अडीचकी. सुमतीवहिनी एकदा सांगत होत्या, की हे गॅस बंद केलाय का ते तीनदा बघतात, आणि बंदच असतो. शर्वरीनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि काहीही झालेलं नाही असं लिहून दिलं. बेहेऱ्यांनी तो अहवाल तपासला, त्यात दोन चुका काढल्या आणि मला म्हणाले, "डॉक्टर चांगला आहे. पण त्याला दगडावरची गोष्ट कुठे माहीत आहे?"

मी सांगायला गेलो नाही असं नाही. एकदा गेलो तर वहिनींनी आधी पोहे खा म्हटलं, आणि पोहे इतके चांगले झाले होते की त्यावर ही गोष्ट काढवेना. एकदा जिन्यात गाठलं, तर त्यांनीच मला थांबवून मनगटावरचं घड्याळ काढलं.

"मोघे, एक काम करा. रोज वर जाता तेव्हा हे दगडावर टेकवून लावून आणत जा. माझ्या हाताचा मला भरवसा वाटत नाही."

तेव्हापासून बेहेरे टेकडीवर आले नाहीत. घड्याळ मी लावत होतो. कट्ट्यावर लोक मला विचारू लागले, मोघे, आज हवा काय म्हणतेय? मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

पुढे दोघं शर्वरीकडे खराडीला राहायला गेले, अकराव्या मजल्यावर. मी भेटायला गेलो ते शेवटचं. बेहेरे बारीक झाले होते, पण लिफ्टमधल्या सूचनेतली चूक त्यांनी मी सांगायच्या आत सांगितली. निघताना म्हणाले, आता हे घड्याळ तुम्हीच ठेवा, इथे दगड नाही. गॅलरीत उभं राहून माझ्या मनगटावर त्यांनी स्वतः पट्टा आवळला आणि म्हणाले, "आत्ताचा आकडा लक्षात ठेवा. खाली गेलात की बघा."

मी खाली आलो. फाटकापाशी पोचतो तोच फोन वाजला. वर बघितलं, तर गॅलरीच्या कठड्याशी लहानसा पांढरा सदरा आणि कानाला लावलेला हात.

"किती उतरलात?"

मी वजाबाकी केली. "चौतीस."

वरून आवाज आला, "मी मनात पस्तीस धरले होते." आणि मग, "तरी एक चुकलाच बघा."

तेव्हा सांगायचं होतं. रस्ता होता, फोन कानाला होता, तोंडासमोर तोंड नव्हतं, याहून सोपं काय असतं? मी म्हणालो, "रिक्षा उभी आहे, ठेवतो." रिक्षा नव्हती. ती मिळायला पुढे चौकापर्यंत चालावं लागलं. वळून बघितलं तेव्हा ते कठड्याशीच होते, हात अजून कानाला.

बेहेऱ्यांच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी बिल्डिंग वर जाते ते सांगितलं, कुरडयांचं सांगितलं, आणि लोक हसत होते म्हणून त्या भरात फेट्याचंही सांगितलं. पुढून सांगितलं, मागून नाही. सुमतीवहिनीसुद्धा डोळे पुसत हसल्या. त्या हा मजकूर वाचतील. त्यांनी नंतर मला पोहे दिले नाहीत तरी चालेल.

घड्याळ माझ्या टेबलावर आहे. आत्ता दुपारचे चार वाजत आले आहेत आणि बिल्डिंग वर निघाली आहे. मी ते रोज दगडावर नेऊन लावतो, चुकू देत नाही. एवढं करून जे बेहेऱ्यांना सांगायचं होतं ते कुठल्याच उंचीवर सांगता आलं नाही.

बेहेरे, त्या दिवशी तुम्ही सातशे दोनच लावले होते. मी पाहिलं होतं. चूक तुमच्या टेबलावरून बाहेर पडलीच नव्हती, ती माझ्या हातातून पडली. तुमचं काहीही हरवलेलं नव्हतं. मला माफ करा.